कारण लिहा

माझं काम म्हणजे हात मांडीवर ठेवणं.
स्टिअरिंग आपोआप फिरतं, मी बघते.
सव्वीस वर्षं सोदांक्यूलाच्या शाळेची बस चालवली,
आता पगार मिळतो तो
न चालवण्याचा.

गाडी बोलते. शुद्ध, पुस्तकी फिनिश,
दक्षिणेतून बदली होऊन आलेल्या नव्या मास्तरणीसारखी.
'डावीकडे टपालपेटी. पुढे वळण.
रस्ता ओलसर, वेग कमी करत आहे.'
ओलसर? अगं बाई, तो काळा बर्फ आहे.
पण वेग कमी केलास ना, मग मी गप्प.
उत्तर बरोबर, रीत चुकीची:
शाळेत याला अर्धे गुण मिळायचे.

मागच्या सीटवर ओस्मो, मांडीवर लॅपटॉप,
हातमोज्यांची बोटं कापलेली, टाइप करता यावं म्हणून.
समजावतो मला:
आधीच्या गाड्या नुसत्या बघायच्या, ऐला,
हिला बघितलेलं सांगता येतं.
जगातलं एवढं लिहिलेलं वाचलंय हिनं,
एवढी चित्रं पाहिलीत.
आणि आमचा रस्ता?
तो नाही, म्हणाला. म्हणून तर आलोय.

नोव्हेंबर. दुपारचे अडीच, म्हणजे संध्याकाळच.
एक रेनडिअर समोरून गेलं, सावकाश,
दुकानाचं बिल चुकतं करून निघाल्यासारखं.
'एक प्राणी. ओलांडून झाले. मार्ग मोकळा.'
गाडी वेग घ्यायला लागली
आणि माझा पाय माझ्या आधी ब्रेकवर पोचला.

थांबलो.
काहीच नाही.
बर्चची झाडं. वायपरची खरखर.
ओस्मो काही बोलणार तेवढ्यात
दुसरं आलं. मग तीन. मग एक पिल्लू,
ऐन रस्त्यात उभं राहून आमच्या दिव्यांकडे बघत बसलं.
मग मी मोजणं सोडलं.

पडद्यावर चौकट उघडली: कारण लिहा.
मी हात घातला, की कारण मीच द्यायचं,
त्या वाक्यावरून ती शिकते.
मी लिहिलं: माहीत होतं.
हे नाही चालणार, ओस्मो म्हणाला.
मी लिहिलं: रेनडिअर एकटं नसतं.
छान आहे. पण तुला दिसलं काय?

दिसलं काय.
पहिल्याचा एक कान मागे वळलेला होता.
एवढंच. तेवढं लिहिलं.

चौकटीत न मावलेलं असं:
पोक्कांचा थोरला बसमधून उतरला,
पुढून पलीकडे गेला,
आणि मागे वळून बघितलं त्यानं.
मी म्हटलं, मलाच बघतोय, हात हलवेल आता.
क्लच सोडला.
धाकटा बंपरच्या खाली वाकलेला होता, पडलेली टोपी उचलायला.
बस वीतभर सरकली.
वीतभरच.
टोपी घालून तो पळाला, घरी काही बोलला नसणार.
मीही नाही. आज तो ट्रक चालवतो,
दिव्यांची उघडझाप करून ओळख देतो मला.

मार्चमध्ये गावातल्या शाळेपाशी
एक मुलगी रस्ता ओलांडून गेली, पलीकडे पोचून
मागे बघितलं तिनं.
गाडी हलली नाही.
'एक मूल. मागे पाहत आहे.
आणखी कोणी असू शकेल. थांबत आहे.'

कान आणि मान.
मी तर फक्त कानाचं लिहिलं होतं.

कोणी आलं नाही.
मुलगी दप्तर सावरत निघूनही गेली.
मागच्या व्हॅननं हॉर्न दिला, मग पुन्हा एकदा, लांबलचक.
विनाकारण थांबली, ओस्मो पुटपुटला,
चूक म्हणून नोंदवू?

हात मांडीवरच होते माझे.
थांब जरा, मी म्हटलं,
त्याला की तिला, कोण जाणे.
बंपरच्या पुढचं
इथून दिसत नाही.